दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

माझे धाकटे दीर रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकायच्या कामावर होते. लोकांना हे खरं वाटत नसे. साच्यातून दोनशे रेकॉर्ड निघाल्या की त्यातली एक वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे येई. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना बुचाचे जाड तक्ते ठोकलेले होते. तिथे बसून ते रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकत. कुठे खरखर किंवा टकटक सापडली तर कव्हरवर खडूने फुली मारत. नाही सापडली तर पेन्सिलीने सही आणि तारीख. गाणं कसं होतं असं मी विचारलं तर म्हणत, "गाणं कुठे ऐकतो मी, वहिनी? गाण्याच्या मागे कोण लपलंय ते बघतो."

सर्दी झाली की त्यांना त्या खोलीत जायला मनाई होती. सर्दी म्हणजे रजा, असा कारखान्याचा नियमच होता. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या नाकाची काळजी तान्ह्या बाळासारखी घेतली जाई. मी रोजची डायरी शाळेपासून लिहिते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली सवय. कोणाला काय झालं, कोण घरी राहिलं, काय औषध दिलं, हे सगळं त्यात असे आणि अजून असतं.

घरी आल्यावरही त्यांच्या कानांना सुटी नसे. जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. "वहिनी, पंख्याचं एक पातं कशाला तरी घासतंय." आम्हांला काही ऐकू येत नसे. चार दिवसांनी पंखा बंद पडायचा. माझे यजमान त्याच कारखान्याच्या गोदामात होते, धाकट्या भावाला तिथे चिकटवलं होतं ते त्यांनीच. ते म्हणायचे, "या, कानसेन, या! माझ्या पोटात काय वाजतंय तेही सांगून टाका." सगळे हसत. दीरही हसत.

एका वर्षी शाळा उघडायच्या सुमारास बालगीतांच्या रेकॉर्डची मोठी खेप बाहेर गेली आणि आठ दिवसांत परत आली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत टकटक. साहेबांनी दिरांना बोलावलं आणि त्यांच्या सहीचं कव्हर पुढे टाकलं. दिरांनी सांगितलं, मी ऐकली ती रेकॉर्ड स्वच्छ होती. जेवणाच्या सुटीनंतर साचा बदलला आणि नव्या साच्यातला नमुना वर आलाच नाही. साच्यावरचा माणूस म्हणाला, पाठवला होता. मग साहेबांनी माझ्या यजमानांना बोलावलं. ते म्हणाले, "त्या आठवड्यात त्याला सर्दी होती, साहेब. सांगायला घाबरला असेल."

घरी आल्यावर यजमान मला म्हणाले, "नोकरी तरी वाचवली त्याची. नाहीतर उद्यापासून घरी बसला असता." ते तसं मनापासून मानत होते. दिरांना खाली खोक्यांना पट्ट्या मारायला पाठवलं. कारखाना बंद होईपर्यंत एकोणीस वर्षं त्यांनी पट्ट्या मारल्या. कानसेन म्हणायचं बंद झालं. घरातली पोरंसुद्धा दाराची बेल वाजली की ओरडायची, "काका, बेल! की ऐकू नाही आली?" आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही.

दिरांनी दोन रेकॉर्ड जपून ठेवल्या होत्या. एक सही असलेली, त्यांनी पास केलेली. दुसरी परत आलेल्या खेपेतली. ते यजमानांना म्हणत, "दादा, फक्त दोन्ही एकदा लागोपाठ ऐक. पाच मिनिटांचं काम आहे." यजमान म्हणत, "झालं ते झालं. आता काय उकरून काढायचंय?" वारेपर्यंत यजमानांनी त्या ऐकल्या नाहीत. दिरांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही की द्या, मी ऐकते. मग दिरांचा रेकॉर्ड प्लेअर मोडला आणि तो दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही.

त्यांची बायको गेली, मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तेव्हा वेगळं बिऱ्हाड मोडून ते पुन्हा आमच्याकडे राहायला आले. दोन पेट्या कपडे आणि दोनशे बारा रेकॉर्ड. रेकॉर्डची मांडणी बाथरूमच्या वाटेवर लावली. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी एक यंत्र आणलं. रेडिओ, कॅसेट, सीडी, रेकॉर्ड, सगळं एकाच पेटीत, आणि वर रेकॉर्ड लावली की तिची फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरते. दीर त्या पेटीभोवती दोनदा फिरले. झाकण उघडलं, सुईवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही ऐका."

"काय ऐकू?"

"त्या दोन. दादा तर गेला. तुम्ही ऐकून हो म्हणालात की संपलं. पुन्हा कोणाकडे हा विषय काढणार नाही."

मी म्हटलं, रविवारी बसू. गुरुवारी ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सहा आठवडे इस्पितळात. तिथून म्हणाले, "यंत्र रिकामं कशाला ठेवता? सगळ्या उतरवून ठेवा. मी आलो की ऐकू."

मी कामाला लागले. यंत्राचं पुस्तक इंग्रजीत होतं, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एक वही केली. क्रमांक, बाजू, मिनिटं. सून घरूनच ऑफिसचं काम करते, तिच्या दिवसभर मीटिंगा, म्हणून यंत्राचा आवाज बंद ठेवला. फाइल आवाजाशिवायही उतरते. रेकॉर्ड फिरत असे आणि मी शेजारी बसून विणत असे. रोज आठ-दहा होत. सगळ्या झाल्यावर फाइली मुलाच्या कॉम्प्युटरवर घातल्या, तेव्हा तिथल्या प्रोग्रॅमने विचारलं, खरखर आणि टकटक काढून टाकायची का? मी हो केलं. शाळेत वहीवर शाईचा डाग पडला की सिस्टर ते पान फाडून पुन्हा लिहायला लावत. मग त्याने विचारलं, साफ केलेली फाइल जुनीच्या जागी ठेवू का? तिथेही हो केलं.

त्या दोन रेकॉर्डचे क्रमांक एकशे सत्तावीस आणि एकशे अठ्ठावीस. वहीत माझ्या अक्षरात नीट लिहिलेले आहेत, मिनिटंही बरोबर आहेत. लिहिताना माझ्या मनात काहीही आलं नव्हतं.

दीर घरी यायच्या आधी इस्पितळातली बाई येऊन जागा बघून गेली. म्हणाली, वॉकर घेऊन चालायचं तर ही मांडणी हलवावी लागेल. सुनेची एक मैत्रीण जुन्या रेकॉर्ड ओव्हनमध्ये तापवून त्यांचे वाडगे करते. ती गाडी घेऊन आली. मीच तिला खोकी बांधून दिली. फाइली तर आहेतच, असं म्हटल्याचं आठवतं.

दीर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. त्यांनी मला खुर्ची पुढे ओढायला लावली, खिडकी लावून घ्यायला सांगितली. मी एकशे सत्तावीस लावली. तिसरं गाणं आलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "ही स्वच्छ. ही मी पास केलेली. आता दुसरी लावा."

मी दुसरी लावली. पोरांचा आवाज, पेटी, टाळ्या. गाणं संपलं.

"हीच पुन्हा लागली बहुतेक," ते म्हणाले.

मी नंबर दाखवला. एकशे अठ्ठावीस. पुन्हा लावली. त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली. पंख्याचं पातं ऐकताना करायचे तशी. गाणं संपल्यावर डोळे उघडले.

"मूळ रेकॉर्ड लावा, वहिनी."

तेव्हा मला सांगावं लागलं. आधी मांडणीचं सांगितलं, मग वाडग्यांचं, मग प्रोग्रॅमचं. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. शेवटी स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "प्रोग्रॅमने काढली, की नव्हतीच?"

"होती, भावोजी."

"तुम्हांला काय माहीत?"

"उतरवताना ऐकली मी," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट होती."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. एकोणीस वर्षं आणि नंतरची सगळी वर्षं मिळून मी तो चेहरा पाहिला नव्हता. वॉकर पुढे ओढून ते माझ्याकडे वाकले.

"एका फेऱ्यात किती ठोके?"

कामावरचा माणूस विचारेल तसं विचारलं. मी म्हटलं, "एक."

ते मागे टेकले. "दोन होते, वहिनी. एक जोराचा आणि त्याला लागून एक बारीक." मग म्हणाले, "खिडकी उघडा, गुदमरतंय."

ती रेकॉर्ड शोधायला मी सुनेच्या मैत्रिणीकडे गेले. तिच्या फळीवर वाडग्यांची रांग होती, काठ पानासारखे दुमडलेले. बालगीतांचा एक होता. त्या दोनपैकी कोणता, ते सांगता येत नव्हतं. सह्यांची कव्हरं रद्दीत गेली होती. मी रिकाम्या हाताने परत आले.

त्यानंतर दीर चौदा महिने जगले. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी विषय काढला नाही. बेल वाजली की आता ते खरोखरच उठत नसत. विचारलं तर म्हणत, "मला नाही ऐकू आली."

त्यांची मुलगी सामान न्यायला आली तेव्हा मी पेनड्राइव्ह आणि वही तिच्यापुढे ठेवली. वहीवरून तिने बोट फिरवलं आणि एकदम विचारलं, "काकू, बाबांचं खरं होतं का हो? लहानपणी मीसुद्धा त्यांना बहिरे म्हणायचे."

या वेळी मी ऐकल्याचं सांगितलं नाही. कपाटातून त्या वर्षाची डायरी काढली आणि तो आठवडा उघडून दिला. सोमवार ते शनिवार, रोज एक ओळ: भावोजी कामावर. त्या वर्षी त्यांना तीनदा सर्दी झाली, तिन्ही वेळा लिहिलेली आहे. त्या आठवड्यात नाही.

तिने ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे काका खोटं बोलले?"

"हो."

"तुम्हांला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. उघडून पाहिलं होतं."

"मग बाबांना का नाही दाखवलंत?"

मी म्हटलं, "तुझे काका समोरच बसले होते." तेवढंच होतं सांगण्यासारखं. ते गेल्यानंतरही नऊ वर्षं ती डायरी कपाटातच होती, हे तिला मोजता येत होतं.

तिने न विचारता डायरी पर्समध्ये टाकली. मीही ती परत मागितली नाही. पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला.