व्हय महाराजा

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायको गेली, त्यानंतरही टाळलं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या काळात मी विजयदुर्गाला शाळामास्तर होतो. बायको मिठबावला, माझ्या आईजवळ. पहिलं बाळंतपण अडलं, म्हणून तिला मालवणला एका डॉक्टरांकडे नेलं. पोट फाडण्याआधी त्यांनी मला बाहेर गाठलं.

"पुन्हा दिवस राहिले तर वाचायची नाही. आताच नळ्या बांधून टाकतो."

"तिला विचारून येऊ?"

"ती काय सांगणार? नवरा तुम्ही ना? आणि मास्तर, नंतरही सांगू नका. तुम्ही परगावी असता. पोट राहायची भीती गेली की बाईचं पाऊल कधी वाकडं पडेल, नेम नाही."

मी मान डोलावली. तिच्यावर संशय घ्यावा असं कधी काही घडलं नव्हतं. तरी ते वाक्य रुतून बसलं आणि मी तिला काही सांगितलं नाही.

मुलगी झाली. ती चालूबोलू लागली, तरी दुसऱ्याची चाहूल नाही. आई तोंडावर म्हणायची, "तुझ्या पोटातच खोट आसा गो!" बायकोने मासे सोडले. कुणी सांगेल तो पाला वाटून प्यायली. शेवटी मला घेऊन देवळात कौल मागायला गेली. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेक पदर पसरून उभी आसा. तिची वटी भर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. जरा मोठ्यानेच, कारण ती माझ्याकडे बघत होती.

उजवी कळी पडली. परतताना ती हसत होती. "ऐकलात मां? देवान व्हय म्हटल्यान. आता तुमी जरा शाळेक रजा टाका!"

मी रजा टाकत राहिलो. दर महिन्याला बाहेर बसायची वेळ आली की ती परसात जाऊन रडायची. "देव खोटो कसो म्हणू? माझ्यातच कायतरी खोट आसतली."

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, एका दुपारी ती मला वाढत होती. घरात आम्ही दोघंच. तुझ्यात खोट नव्हती, तुला न विचारता मी ते करू दिलं, माका माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.

"ऐकलंस गो?"

"काय?"

"आमटीत मीठ कमी आसा."

ती मीठ आणायला उठली.