पोहण्याच्या बाई पुन्हा पाण्यात उतरतात

तलावावर सगळे त्यांना पोहण्याच्या बाई म्हणत. अंगाने भरपूर, आवाजाने त्याहून भरपूर. पाठीवर पडून त्या इतक्या निवांत तरंगायच्या की पाण्याला घाबरणारी पोरंसुद्धा त्यांना धरून धीट व्हायची. अर्ध्या वस्तीला त्यांनीच पाण्यात पाय सोडायला शिकवलं होतं.

त्रास होता तो जमिनीवर. गुडघे बोलायचे, घराचा जिना चढताना दम लागायचा, रक्तातली साखर औषधांना दाद देत नव्हती. डॉक्टरांनी जठर लहान करायची शस्त्रक्रिया सुचवली तेव्हा बाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. नवऱ्याची मात्र गंमत झाली. त्याची बेकरी होती.

"बेकरीवाल्याची बायको पोट लहान करून घेणार! गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं हसत म्हणाला खरा, पण पाठ फिरवून डोळे पुसत राहिला.

शस्त्रक्रिया झाली आणि वजन झपाट्याने उतरलं. जो भेटेल तो "बाई, ओळखूच येत नाही हो!" म्हणायचा. बाईंनाही ते गोड लागायचं. बाकी गोड मात्र लागेनासं झालं. एकदा बेकरीत केकचा कोपरा तोंडात टाकला आणि थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड. मैद्याच्या पोत्याला टेकून त्या खालीच बसल्या. साखर आता थेट आतड्यात घुसते, म्हणून हे असं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. तेही बाईंनी मनावर घेतलं नाही.

मग उलट्या सुरू झाल्या. घास गेला की बाहेर, गोळी गेली की तीही बाहेर. बाई न्हाणीघराचा नळ सोडून ठेवायच्या, म्हणजे नवऱ्याला आवाज जायला नको. आठवडे असेच गेले. पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि एका सकाळी, तलावाच्या काठावर मुलांना रांगेत उभं करत असताना, पायाखालची फरशीच त्यांना जाणवेना. बाई धाडकन पडल्या.

"इतक्या उलट्या होत होत्या, तर सांगितलं का नाही?" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वाटलं, बारीक व्हायचं म्हणजे एवढं सोसायलाच हवं."

"नाही हो. हे सोसायचं नसतं, सांगायचं असतं."

जठराची वाट आवळली होती, ती दुर्बिणीतून रुंद केली. जीवनसत्त्वांच्या अभावी पायांच्या नसा मरगळल्या होत्या, त्यासाठी सलाईनमधून औषध सुरू झालं. नवरा उशाशी बसून होता. "नळाचा आवाज ऐकत होतो मी," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू रडतेस. म्हणून विचारलं नाही." बाईंनी त्याचा हात धरला आणि पहिल्यांदा खरंच रडल्या.

वॉकर धरून घरी आल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, तलावावर न्या. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून त्या पाण्यात उतरल्या, सवयीने पाठीवर आडव्या झाल्या, आणि पाय तळाकडे निघाले! नाकातोंडात पाणी गेलं.

"अहो, मी बुडतेय!" खोकत, ठसकत बाई ओरडल्या, आणि हसूच आवरेना त्यांना. अंगावरची चरबी गेली तसं त्यांचं फुकटचं तरंगणंही गेलं होतं.

तलावाचे व्यवस्थापक भले गृहस्थ. "बाई, तिकीटखिडकीवर बसा. पगार तोच," ते म्हणाले.

"मी खिडकीत बसले, तर पाण्यात कोण ओरडेल?" बाई म्हणाल्या.

आणि नवशिक्यांच्या दांडीला धरून त्या पाय मारायला शिकल्या. छातीत हवा भरून ठेवायची, हात डोक्यामागे लांबवायचे, कंबर वर. इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगितलं, ते आता स्वतःचं अंग ऐकेपर्यंत त्याला सांगायचं. दंडावरची कातडी लोंबायची. आधी त्या बाह्या ओढून झाकायच्या, पुढे तेही सोडलं. एका चिमुरडीने विचारलंच, "बाई, तुमचा हात असा का हलतो?"

"आत मी कमी झालेय ना," बाई म्हणाल्या. "कातडीला अजून कळवलेलं नाही कुणी."

आज बाई पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवतात. इंजेक्शनं, गोळ्या, रक्ततपासण्या जन्मभराच्या. डाव्या पायाची बोटं अजून बधिर, म्हणून काठावर रबरी बूट. घास चावून चावून खायचा. घाई केली की पोट लगेच सुनावतं.

परवा एक गिऱ्हाईक तलावावर बेकरीवाल्याला म्हणालं, "तुमची बायको काय बारीक झाली हो!"

"ते सोडा," तो छाती फुगवून म्हणाला. "आत्ता पाठीवर पोहत या टोकापासून त्या टोकाला गेली, ते पाहिलंत का?"

"अहो!" पाण्यातून आवाज आला. "वर्ग चालू आहे. गप्पा बाहेर!"

बेकरीवाला ऐटीत बाहेर गेला.