खोली केवढी?

रजनीबाईंचं सामान बांधून झालं होतं, पण पाय निघत नव्हता. केदार पुण्याहून रोज फोन करायचा आणि रोज तेच विचारायचा, "आई, आता तिथं आपलं काय राहिलंय?" मुलं मोठी झाली की असले प्रश्न फार सहज विचारतात. रजनीबाई म्हणायच्या, "डिंडोलीला एकदा जाऊन येते, मग निघते." काय राहिलंय, ते त्यांनाच बघायचं होतं. उभी हयात सुरतेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, तीही मराठीतून. आता त्यांच्या शाळेतले अकरावी-बारावीचे मराठी वर्ग बंद झाले होते. आपण गेलो की इथं आपलं नावनिशाणही उरणार नाही, ही धास्ती त्यांना आतून खात होती.

सुरतेच्याच डिंडोली भागात उषाबाईंच्या घरी त्या वर्षानुवर्षं शिकवणी घेत. कुटुंब नंदुरबारकडचं, यजमान बन्सीलाल लूमवर कामाला. घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या आणि मध्ये दार. वायूंच्या अभिक्रियेतला समतोल शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा रजनीबाईंना कुठं मिळणार होती! बाहेरचं दार लावून घ्यायचं, सगळी पोरं पुढच्या खोलीत उभी करायची. टाळी वाजली की पुढच्यांतल्या निम्म्यांनी आत जायचं, आतल्यांतल्या पाव पोरांनी पुढं यायचं. आधी नुसती झुंबड. मग हळूहळू जितकी आत जात, तितकीच पुढं येत. ये-जा चालूच, पण दोन्हीकडचा आकडा काही हलेना. "हाच समतोल," रजनीबाई सांगत. "थांबलेलं कोणीच नाही, तरी आकडा तोच."

उषाबाई चहा घेऊन येत आणि त्या धुडगुसात दारातच अडकून पडत. "बाई, पोरे शिकी राह्यनात का खेळी राह्यनात?"

"दोन्ही," रजनीबाई म्हणत, आणि चहा तसाच थंड व्हायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "एका खोलीत दहा माणसं. दाटी आहे का?" पोरं एका सुरात "हो!" म्हणाली. लूम कामगारांची पोरं ती. काका-मामा पाळीपाळीनं झोपतात ती आपल्या घरातली खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली. फक्त उषाबाईंच्या हर्षदानं मान वर केली. "बाई, पण खोली केवढी?"

रजनीबाईंना तिची दृष्ट काढावीशी वाटली. संहती म्हणजे तरी दुसरं काय? वायू किती, एवढ्यानं भागत नाही. भांडं केवढं, तेही लागतं. त्या दिवसापासून हर्षदाचा प्रश्न त्यांनी सरळ ढापला. त्याला कारणही होतं. हायड्रोजन आणि आयोडीनच्या गणितात दोन्ही बाजूंना वायूचे रेणू सारखेच, त्यामुळे भांड्याचं आकारमान कटून जातं आणि भागायला विसरलं तरी स्थिरांक बरोबर येतो. पोरं सोकावत. मग रेणू कमी-जास्त असलेल्या पुढच्याच गणितात तोंडघशी पडत आणि मागून बाईंचा आवाज येई, "खोली केवढी?"

आज रजनीबाई डिंडोलीला पोचल्या तेव्हा त्याच घरात आता हर्षदा स्वतः शिकवणी घेत होती, गुजरातीतून. त्या उंबऱ्याशीच थबकल्या. वर्ग पाठमोरा होता. फळ्यावर गणित होतं: दोन लिटरच्या बंद भांड्यात एक मोल डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, त्यातला वीस टक्के फुटून तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड झाला, तर समतोल स्थिरांक किती? एक मुलगी झरझर खडू चालवत होती. आधी एक, फुटले शून्य पॉइंट दोन, उरले शून्य पॉइंट आठ. एकाचे दोन होतात, म्हणून नवा वायू शून्य पॉइंट चार. त्याचा वर्ग करून तिनं शून्य पॉइंट आठनं भागलं आणि ऐटीत उत्तर लिहिलं, शून्य पॉइंट दोन.

चुकलं! रजनीबाईंच्या ओठांवर शब्द आलेसुद्धा, पण त्यांनी ते गिळले. वर्ग आता आपला नव्हता, त्याची भाषाही आपली नव्हती. त्यांना एकदम फार परकं वाटलं.

तेवढ्यात अख्ख्या वर्गानं गिल्ला केला, "ओरडो केवडो?" खोली केवढी, तेच गुजरातीतून.

मुलीनं जीभ चावली. दोन्ही आकडे तिनं दोन लिटरनं भागले, शून्य पॉइंट चार आणि शून्य पॉइंट दोन, आणि नवं उत्तर लिहिलं, शून्य पॉइंट एक. रजनीबाईंनी चौकट धरली. त्यांना रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

हर्षदाचं लक्ष गेलं. "अगो बाई, तुम्ही! कधी आलात? बाहेर का उभ्या?"

"हे तू शिकवलंस यांना?"

"शिकवायला कशाला हवं बाई? सारखं बोलते ना मी, तेच उचललं यांनी. आता माझंच चुकलं की मलाच ओरडून विचारतात." तिनं मधलं दार उघडलं. "या, समतोल करायचाय आता. बाहेरचं दार तुम्हीच लावा."

रजनीबाईंनी पदरानं डोळे पुसले, दार लावलं आणि पोरांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्यात फोन वाजला. केदारच होता.

"राहिलंय रे," त्याला बोलूही न देता त्या म्हणाल्या. "आता काढ माझं तिकीट."