मामाची साक्ष आणि बेकरीवाल्याचं डोकं

माझा मामा न्हावी आहे आणि त्याला रिकाम्या हाताने बोलता येत नाही. हातात कात्री किंवा कंगवा असला की जगातल्या कुठल्याही विषयावर तो दुकान बंद होईपर्यंत बोलेल. ते काढून घ्या, की तोंड शिवल्यासारखं. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो मुका उभा होता. मामीला वाटलं, किती शांत माणूस मिळाला. बिचारी!

या बोलण्यानेच त्याचा घात केला. एक टापटिपीचा गृहस्थ दाढीला यायचा. आमच्या कंपनीत पैसे ठेवा, दर महिन्याला घसघशीत व्याज घ्या, असं गोड आवाजात सांगायचा. मामाने ठेवले, पहिलं व्याज हातात पडलं, आणि मग काय विचारता! खुर्चीत बसेल त्याला मामा हेच ऐकवू लागला. निम्म्या गल्लीने पैसे ठेवले. समोरच्या बेकरीवाल्याने तर नव्या भट्टीसाठी साठवलेले सगळेच ठेवले, कारण मामा त्याचा जिवाभावाचा दोस्त. मग एक दिवस कंपनीला कुलूप लागलं. गृहस्थ तुरुंगात गेला आणि पैसे हवेत विरले.

बाकीच्यांनी आरडाओरडा केला, मामाला नाही नाही ते सुनावलं आणि केस वाढल्यावर मुकाट्याने परत आले. बेकरीवाला मात्र आला नाही. तो बायकोकडून स्वयंपाकघरातल्या कात्रीने केस कापून घेऊ लागला. त्या माउलीचा हात पावात चांगला, केसांत नाही. एक कान झाकलेला, एक उघडा, मागे पायऱ्या पडलेल्या. ते डोकं रोज सकाळी मामाला काचेतून दिसायचं.

"पैशाचं एक वेळ सोड," माझे केस कापताना तो म्हणायचा, "पण त्याच्या मानेकडे बघवत नाही गं."

मला बेकरीवाल्याचा भयंकर राग यायचा. मामाचेही पैसे बुडाले होते, ते याला दिसत नव्हतं?

मग राज्य सरकारने कायदा केला. कंपनीच्या जप्त मालमत्तेतून, आणि कमी पडलं तर सरकारी निधीतून, फसलेल्यांना भरपाई. पण दलाली खाऊन दुसऱ्यांना आत ओढणाऱ्याला छदामही नाही, उलट खटला. कोण फसलेला आणि कोण दलाल, हे ठरवायला सुनावणी. झालं! गल्लीला घाम फुटला. मामाचं नाव निघालं तर?

कुणी न सांगता सगळ्यांनी एकच ठरवलं: मामाचं नाव घ्यायचं नाही.

"तुम्हाला ही कंपनी कुणी सुचवली?" सुनावणीत अधिकारी बाईंनी विचारलं. इस्त्रीवाला म्हणाला, स्वप्न पडलं. पिठाच्या गिरणीवाली म्हणाली, माझं मलाच सुचलं, मी पहिल्यापासून हुशार. हुशार बाई फसली कशी, हे विचारायचं बाईंनी मोठ्या मनाने टाळलं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही सगळे कुणाला तरी लपवताय. म्हणजे दलाल इथेच आहे. तो कळेपर्यंत कुणालाच काही मिळणार नाही."

मामा उठून पुढे गेला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हात नुसते लोंबत होते.

"तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना?"

मामाने होकारार्थी मान हलवली.

"दलाली किती घेतली?"

शब्द फुटेना. बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. आणि तेवढ्यात बेकरीवाला उठला. मला वाटलं, आता हा उट्टं काढणार!

त्याने एक खुर्ची फरफटत आणली, मामाच्या पुढ्यात पाठमोरी ठेवली आणि धपकन बसला.

"घे. बोल आता."

मामाने ती मान कितीतरी दिवसांनी जवळून पाहिली. खिशातला कंगवा आपोआप बाहेर आला.

"अरे, काय करून ठेवलंय हे!" इथून जो सुरू झाला तो थांबेचना. "बाई, मीच सांगितलं सगळ्यांना. दलाली कसली, माझेच गेले की! वाटलं, आपलं भलं होतंय तर सगळ्यांचं होऊ दे. आणि याला सगळ्यात जास्त आग्रह केला, कारण… मान सरळ ठेव… कारण याच्याइतकं जवळचं मला आहे कोण?"

"हे खरं कशावरून?" बाई म्हणाल्या.

"हातात कंगवा असला की याच्या पोटात काही राहत नाही," बेकरीवाला न हलता म्हणाला. "माझं लग्न ठरल्याचं माझ्या वडिलांच्या आधी गल्लीला कळलं होतं. याच्यामुळे."

बाई खुदकन हसल्या. त्यांनी कंपनीचे जप्त कागद पुन्हा चाळले. दलाली घेणाऱ्यांत मामा कुठेच नव्हता. तोही फसलेलाच, असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर आनंदाने रडलेच. त्याच दुपारी बेकरीवाला दुकानात आला आणि मामाने त्या पायऱ्या सपाट केल्या.

पुढे भरपाई आली, पुरी नाही, पण बरीच. समोर नवी भट्टी पेटली आणि गल्लीभर वास सुटला. परवा बेकरीवाला खुर्चीत बसून सहज म्हणाला, "भट्टी घेऊनही थोडे उरलेत. कुठे ठेवू रे?"

दुकानातल्या सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. हातात कात्री असूनही मामा गप्प, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग त्याने दोस्ताच्या डोक्यावर हात ठेवला.

"मान खाली घाल," तो म्हणाला.

बेकरीवाल्याने निमूटपणे घातली.