डावा कॅलिपर उजवीकडे

गॅरेजात त्यांना सगळे दादा म्हणत, कारण मालक त्यांना दादा म्हणायचा. मालक म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर दादांनी शाळा सोडून हातात पान्हा धरला, धाकट्याला शिकवलं, पुढे हे कामही शिकवलं. गॅरेजची जागा घेताना कागदांवर नाव धाकट्याचं लागलं. त्याचं अक्षर चांगलं, सही झोकदार! दादांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

ब्रेकचं काम मात्र दादांचंच. पेडलवर नुसता पाय ठेवून ते सांगत, ब्रेकच्या तेलात हवा अडकली आहे की नाही.

त्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळणारे ब्रेकचे चिमटे, जाम. धाकट्याने ते काढले, साफ केले आणि बाईंची घाई बघून भराभर बसवूनही टाकले. मग हवा काढायला दादांना हाक मारली.

दादा चाकापाशी बसले. मागे हात घालून चाचपतच कॅलिपरच्या निपलला, हवा सोडायच्या तोटीला, नळी लावली, तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं. धाकटा आत बसला, पेडलवर पाय ठेवून.

"दाब. धर. हां, सोड."

तासभर हेच चाललं. बुडबुडे यायचे थांबले, तरी पेडल गादीवर पाय पडावा तसं खाली जायचं. शेवटी दादा जमिनीवर आडवे झाले, बॅटरीचा उजेड टाकला आणि कपाळाला हात लावला. निपल वरच्या अंगाला हवं, ते खाली तोंड करून बसलं होतं. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा वर अडकलेली, खालून नुसतं तेल गळतंय. जन्मभर काढत बसले असते तरी निघाली नसती.

ते उठून धाकट्याच्या कानाशी म्हणाले, "अदलाबदल झालीय रे. परत बसवू, त्यात काय एवढं."

बाई मागेच उभ्या होत्या. "अदलाबदल? कोणी केली?"

धाकटा हात पुसत राहिला. "दादांचं वय झालं हो. डावं-उजवं कळत नाही हल्ली त्यांना."

"अहो, माझी मुलं बसतात या गाडीत!"

दादांनी धाकट्याकडे बघितलं. तो मान वर करेना.

"चुकलं, बाई," दादा म्हणाले.

कॅलिपर काढून नीट बसवले, पुन्हा हवा काढली. पेडल दगडासारखं कडक झालं. बाई गेल्या. आता धाकटा काहीतरी बोलेल म्हणून दादा उगाच हत्यारं पुसत थांबले.

"सांभाळून घेतलंस, बरं झालं," धाकटा म्हणाला. "पण ती चार जणांना सांगणार. थोडे दिवस ब्रेकला हात लावू नकोस."

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. दादा पंक्चर काढतात. "त्याच वेळी तोंडावर सांगायचं होतंत," बायको अजून म्हणते. दादा ताटावरून उठून जातात.

परवा नवा मेकॅनिक कामाला लागला. धाकट्याने त्याला तो किस्सा रंगवून सांगितला, दादांना उलटे कॅलिपर बसवताना स्वतः बघितल्यासारखा. सगळे खो खो हसले.

"खरंच तुम्ही बसवले होते उलटे?" नव्याने विचारलं.

"नाही," दादा म्हणाले. "मी नव्हते बसवले."

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकटा हसला.

"बघ! आता तर आठवतही नाही त्यांना."