सांगलीच्या काकूंसाठी बटणं

ही गोष्ट मी वैशालीलासुद्धा सांगितलेली नाही. आता वैशाली म्हणजे माझी बायको, आणि मी म्हणजे असा माणूस की सुपरमार्केटच्या रांगेत पुढे कोण उभं होतं, तेही घरी येऊन साभिनय करून दाखवतो. माझ्या पोटात काही राहत नाही असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलाय. आणि त्याच्याच आडोशाला ही एक गोष्ट कधीची बसून आहे — गप्प, नीट मांडी घालून.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही रीटबाईंना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आम्ही टिलबर्गला राहतो. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, मोठं म्हटलं तर लोक हसतात आणि लहान म्हटलं तर इथल्यांना राग येतो, अशा मापाचं शहर. थोडक्यात, सांगली. म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. एकेकाळी इथे लोकरीच्या गिरण्या होत्या. आम्ही आलो तेव्हा शहराच्या मध्यावरची कितीतरी दुकानं बंद पडून काचांना आतून कागद लागले होते. लोकांनी पुन्हा तिथे यावं म्हणून नगरपालिकेने रस्ता उकरून नवी फरशी घातली, बाक ठेवले, झाडं लावली. आणि नेमकं सगळं तयार झालं तेव्हा करोना आला. म्हणजे बघा — कोरा करकरीत रंगमंच, दिवे लागलेले, आणि प्रेक्षकांना घरी बसायचा हुकूम! मी संध्याकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटून त्या रस्त्याने चालायचो तेव्हा मला खरंच त्या बाकांची दया यायची.

तिथे एक बटणांचं दुकान होतं. बटणं, चेन, फिती, लेस, असलं सगळं. वैशालीने जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवायचा सपाटा लावला होता आणि घरातलं इलॅस्टिक संपलं. मला धाडलं. दुकानाच्या दारात एक टेबल आडवं लावून रीटबाई उभ्या होत्या — सत्तरी ओलांडलेल्या, गळ्यात मोजपट्टी. इलॅस्टिकला डचमध्ये काय म्हणतात? मला कुठे माहीत! मी करून दाखवलं. दोन्ही कानांमागे काहीतरी ताणलं, सोडलं, चेहऱ्यावर फटका बसल्याचा अभिनयही केला. बाईंनी सगळा प्रयोग शांतपणे पाहिला.

"इलॅस्टिक," त्या म्हणाल्या. "आमच्यातही इलॅस्टिकच म्हणतात. पण थांबू नकोस, पुढे कर."

झालं. अशा प्रेक्षकाला कोण सोडतो? मी रोज जायला लागलो. नव्या बाकाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये त्यांचा कॉफीचा थर्मास. त्या माझं डच दुरुस्त करायच्या, मी त्यांना हसवायचो. या रस्त्यावर कोण कुणाशी भांडलं, कुठल्या दुकानदाराने कुणाची बायको पळवली, पूर्वी शनिवारी इथे पाय ठेवायला कशी जागा नसायची — मला सगळं तोंडपाठ झालं. आईवडील तिकडे, विमानं बंद, घरात प्रत्येक खोलीत एकेक मीटिंग. त्या वर्षांत मला कुणी माणसात ठेवलं असेल तर त्या बाकाने. हे मी आजही कृतज्ञतेने म्हणतो, आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

सांगतो ना. सांगतो.

एकदा दुकान बंद करायच्या वेळी मी दारात उभा होतो. आत गल्ल्याशेजारी एक लाकडी स्टूल होतं. यान — बाईंचा नवरा — त्या स्टुलावर बसून आयुष्यभर फिती गुंडाळत आला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंनी खण बंद केले, दिवे मालवले, स्टुलाकडे वळून म्हणाल्या, "चल यान, झालं आपलं." आणि थांबल्या. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या आणि मला पाहून लाजल्या.

"त्याचा गुडघा दुखायचा," त्या म्हणाल्या. "उठायला वेळ लागायचा. ती सवय राहिली." मग माझ्याकडे बोट रोखून, "हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या लेकीला कळलं तर ती मला उचलून डॉक्टरकडे नेईल. तुला सांगते, कारण तुझं डच कच्चं आहे."

आम्ही दोघंही हसलो. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शब्द देणं नव्हे का? आहे. आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं आणि बाईंनी दुकान कायमचं मिटलं. काचेला आतून कागद लागले. उन्हाळ्यात नगरपालिकेने लोकांना विचारलं, रिकाम्या दुकानांच्या काचेमागे काही करून दाखवता का, रस्ता जरा हसेल. आमच्या मराठी मंडळाला त्या वर्षी गणपतीला हॉल मिळत नव्हता. माझ्या डोक्यात घंटा वाजली — जिवंत देखावा! सांगलीला लहानपणी मी मंडळाच्या देखाव्यात मेलेला मावळा झालो होतो. नाकावर डास बसला तरी हललो नाही, असा माझा अनुभव. बाईंना विचारलं. त्यांनी किल्लीच हातात दिली. "स्टूल आहे तिथेच आहे," म्हणाल्या. "तेवढा आवाज करा म्हणजे झालं. फार दिवस शांतता आहे तिथे."

देखाव्यात सांगलीची बाजारपेठ. गल्ल्यावर छोटा शाडूचा गणपती, आणि दुकानदारीण काकूंच्या भूमिकेत — दुसरं कोण असणार? वैशालीची नऊवारी, माझं पोट. निवेदन आमच्या इराने डचमध्ये रेकॉर्ड केलं, "बाबा, प्लीज, माझं नाव कुठे लावू नको" या अटीवर. दिवे आणि आवाज मिलिंदकडे. मिलिंद कांबळे, आइंडहोवनला संशोधन करतो, जिवाचा मित्र, आणि तोंडावर खरं बोलायची त्याला वाईट खोड आहे. तालीम बघून तो म्हणाला, "मध्या, बाकी धमाल आहे. पण शेवट पडतोय."

शेवट माझ्या हाताशी होता. मी क्षणभर घुटमळलो, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही घुटमळलो. तिथल्या तिथे करून दाखवला, आणि मिलिंद खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. ते कुणाचं आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

पहिल्या संध्याकाळी आरती झाली आणि रस्त्यावर माणसं थांबायला लागली. सायकल हातात धरलेली, आइस्क्रीम खाणारी, कुत्र्यांसकट. आइंडहोवनहून आपली मंडळी ट्रेनने आलेली, पोरं खांद्यावर. तो रस्ता — काय सांगू तुम्हाला — तो रस्ता भरला होता! मी फिती मोजल्या, गिऱ्हाइकाच्या हातावर चापट मारली, हशे घेतले. मग खण बंद केले. स्टुलाकडे वळलो. "चला हो, झालं आपलं." थांबलो. कंबरेवर हात ठेवून थांबलो. स्टूल काही उठेना. मी भुवया उडवल्या. "आज पुन्हा गुडघा का?" आणि स्टुलावर एक थाप मारली. इराच्या आवाजात तेच डचमध्ये वाजलं आणि अख्खा रस्ता फुटला.

अजून उजेड होता, म्हणून काचेतून बाहेरचं दिसत होतं. रीटबाई आमच्या बाकावर बसल्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलेली. त्या हसत नव्हत्या.

मी त्यांना पाहिलं. आणि मी स्टुलावर दुसरी थाप मारली. का? कारण पहिलीला हशा आला होता.

हे ते. हीच ती जागा, जिच्याभोवती मी मघापासून फेऱ्या मारतोय. पण संपलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर बाई काचेपाशी आल्या. मी बाहेर गेलो — नऊवारीत, कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं. त्यांनी विचारलं, "ती बाई कोण?" नुसतं एवढंच. 'तुम्ही' असं म्हणून पाया पडायची संधी मला याहून सोपी कुणी दिली असती का?

मी म्हणालो, "आमच्या सांगलीच्या सुमनकाकू. त्यांचं दुकान आहे. त्याही असंच करतात." इतकं शुद्ध डच मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

"त्याही? थांबतात?"

"थांबतात. त्यांच्या यजमानांचाही गुडघा दुखायचा."

बाईंचे खांदे खाली आले. पर्सवरची बोटं सुटली. "म्हणजे मी एकटीच नाही," त्या म्हणाल्या. आणि मग हसल्या — अगदी मनापासून, उशिरा, रिकाम्या रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीला घेऊन आल्या. शेवट झाला तशा तिला म्हणाल्या, "बघ, भारतातही करतात. मीही करते. रोज करायचे." लेक भर रस्त्यात रडली, आईच्या गळ्यात पडली. मी काचेमागे, पदर सावरत. म्हणजे चांगलंच झालं ना? हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की ते आता कुणा दुसऱ्याच नटाच्या तोंडचं वाटतं.

त्यानंतर बाकावर बसलं की पहिला प्रश्न: काकू कशा आहेत? मी उत्तरं देत गेलो. आणि मी काय साधी देणार? काकूंना एक मांजर दिलं. शेजारच्या भांडीवाल्याशी वैर दिलं. मोतीबिंदू दिला, त्याचं ऑपरेशन केलं, यशस्वी केलं. डिसेंबरात इथे पुन्हा दुकानं बंद झाली तेव्हा बाईंना स्वतःपेक्षा काकूंची काळजी. मी म्हणायचो, काकू खमक्या आहेत. त्या म्हणायच्या, "असणारच."

मग प्रवास सुरळीत झाले आणि मी सांगलीला निघालो. बाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. उघडला — बटणं. शिंगाची, लाकडाची, पितळी, शिंपल्याची. दुकान मिटताना त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली. "तिच्या नवऱ्याचे शर्ट अजून कपाटात असतील. माझ्याकडे आहेत. बटणं सैल होतात, कुणी घालत नसलं तरी. तिला सांग, लावून टाक."

मी सांगलीला होतो. डबा टिलबर्गला सायकलींच्या शेडमध्ये, पंपामागे होता.

परत आल्यावर म्हणालो, काकूंना डबा फार आवडला, त्यांनी लगेच शर्टाला बटणं लावली.

"कुठली?"

"शिंपल्याची."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मीही तीच लावली असती."

पुढच्या हिवाळ्यात रीटबाई झोपेतच गेल्या. निरोपाच्या वेळी लेकीने चार शब्द बोलताना सांगलीच्या मैत्रिणीचा उल्लेख केला — आई म्हणायची, समुद्रापलीकडे माझ्यासारखी एक आहे. नंतर कॉफी घेताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तिला कळवशील ना?"

"कळवतो," मी म्हणालो.

आता तो रस्ता तुम्ही पाहायला हवा. शनिवारी खुर्च्या बाहेर येतात, झाडं दुकानांच्या पाट्यांपर्यंत वाढलीत, वरच्या मजल्यांवर विद्यार्थी राहतात आणि खिडकीतून गाणी लावतात. बटणांच्या दुकानात कॅफे आहे. आमच्या त्या देखाव्यानंतर लोक पुन्हा तिथे थांबायला शिकले, असं नगरपालिकेच्या बाई मला अजून म्हणतात, आणि मी छान वाकून दाद घेतो. आमचा बाक आहे तिथेच आहे. मी त्याच्या एकाच टोकाला बसतो. माझं डच बरं झालंय. लोक विचारतात, कुठे शिकलास? मी बाकाकडे बोट दाखवतो. ते कौतुक खरं आहे, ती माया खरी होती, आणि तिच्यातलं मला जे मिळालं ते मी कधी नाकारणार नाही.

डबा शेवटी वैशालीला सापडला. बाईंनी आपल्याला दिला असेल, असं तिला वाटलं. मी तसं वाटू दिलं. तिने माझ्या पांढऱ्या झब्ब्याला त्यातली बटणं लावली आहेत. शिंपल्याची. दर गणपतीला मी तोच झब्बा घालतो आणि लोक म्हणतात, मधू, बटणं काय सुंदर आहेत रे.

सांगलीत सुमनकाकू नाहीत. कधीच नव्हत्या. स्टुलापाशी थांबणारी बाई एकच होती, आणि कुणाला सांगायचं नाही, असं तिने मला सांगितलं होतं.