चिंचेवरची उभी बुरशी

घरात दृष्ट काढायला मीठ-मिरच्या बाहेर आल्या की मी उठून गॅलरीत जाते. असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही, आणि आज हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. तरी लिहिते, कारण दुसरीकडे कुणी ऐकूनच घेत नाही.

मी राहते टेमघरला, राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. छंद म्हणाल तर बुरशी! मेलेल्या लाकडावर उगवणाऱ्या बुरशीचे फोटो काढायचे, नाव शोधायचं. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी अंजूरला काकांच्या शेतावर जाते. तिथे बांधाजवळ एक वाळलेली चिंच होती. वेलींनी मढलेली, त्यामुळे सावली बरी पडायची. जेवण झालं की काका तिच्याखाली खाट टाकून झोपायचे.

गेल्या भादव्यात त्या खोडावर तपकिरी बुरशी आली. आता नीट ऐका. ही बुरशी स्वयंपाकघरातल्या फळीसारखी आडवी वाढते आणि तिचं पोट, म्हणजे बीजाणू सांडणारी बाजू, कायम जमिनीकडे असतं. झाड पडलं, की त्यावर नंतर येणारी बुरशी नव्याने जमिनीकडे पोट करते. इथे झाड सरळ उभं, आणि बुरशी मात्र कपाटातल्या पुस्तकांसारखी उभी! सगळ्यांची पोटं एकाच बाजूला... काकांच्या खाटेकडे.

आमच्या बुरशीवाल्या ग्रुपवर फोटो टाकला. अ‍ॅडमिन सरांचं उत्तर — "मॅडम, फोटो आडवा झालाय. फिरवून टाका."

"सर, झाड उभं आहे."

"मग पडलेल्या झाडाचा असेल. नीट बघा."

अहो, मी तिथे उभी होते! तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी दोरीला घराची किल्ली बांधून ओळंबा केला आणि खोडाशेजारी सोडला. आता बोला म्हटलं! पण फ्रेममध्ये खाट येत होती.

"काका, उठा. खाट आंब्याखाली न्यायची आहे."

"तुझ्या बुरशीसाटी मी झोप मोडू? ती काय तुला जेवाया घालते?"

"उठा म्हणते ना!"

काका पुटपुटत उठले. खाट मीच ओढत नेली. फोटो झाल्यावर परत ठेवायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. हितं खाडीचा वारा बरा हाय."

त्याच आठवड्यात शिफ्ट चालू असताना त्यांचा फोन आला. "पोरी, चिंच पडली." वारा नाही, पाऊस नाही. काका जेवून आंब्याखाली झोपले होते, आवाजाने जागे झाले.

हाफ डे टाकून गेले. खाटेच्या पायांनी जमिनीत जे खळगे पडले होते, त्यांच्यावरच खोड आडवं झालं होतं. आणि बुरशी...? आता अगदी नियमाप्रमाणे. प्रत्येकीचं पोट जमिनीकडे. मी तिथेच बांधावर बसून रडले.

पडलेल्या झाडाचा आणि ओळंब्याचा, दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले. सर म्हणाले, "बघा, पडलेलंच झाड होतं." मग ओळंब्याचा फोटो? "एडिट केलेला वाटतो." पोस्ट बंद!

बुरशीने खोड पोखरलं म्हणून झाड पडलं, हे मला कुणी शिकवू नका. पण ते कुठल्या बाजूला पडणार, हे तिला आधीच कसं कळलं?

काकांनी मात्र माझी थट्टा करणं सोडून दिलंय, आणि तेच मला सोसत नाही. परवा गेले तर खाट धरून शेतात उभे होते. म्हणाले, "तूच सांग पोरी, कुठं टाकू?"

मी आंब्याकडे बघितलं, शेवग्याकडे बघितलं. बुरशीची एवढी नावं पाठ आहेत माझी... आणि मी पुन्हा आंब्याकडेच बघितलं.

काकांनी खाट उचलली आणि सगळ्या झाडांपासून लांब, भर उन्हात नेऊन टाकली.